भोक बुजवायचं नाही

बोर्ड हातात घेतला की नजर आधी तांब्यावर जाते. हिरव्या पाटीवरच्या त्या रेघा, वळणं घेत इकडून तिकडे गेलेल्या, मध्ये मध्ये सोल्डरचे चकचकीत ठिपके. करंट त्यांच्यातून जातो, तेव्हा बोर्ड म्हणजे त्या रेघा आणि बाकीची नुसती पाटी, असं सगळेच धरून चालतात. रेघ तुटली की जोडायची, झाली दुरुस्ती. रिमोटमध्ये, खेळण्यात, भिंतीवरच्या घड्याळात हे चालूनही जातं. पण गिटारच्या व्हॉल्व्ह अँपमध्ये, म्हणजे ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या नळ्यांवर चालणाऱ्या अँपमध्ये, साडेचारशे व्होल्ट डीसी फिरत असतं. तिथे रेघांपेक्षा रेघांच्या मधली जागा जास्त राबते. तिचं काम एकच, काही होऊ न देणं. ते ती बिनबोभाट करते म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. आणि एकदा तिने अंग काढून घेतलं की मग तांबं कितीही जोडा, उपयोग नाही.

हे लिहायला निमित्त झालं ते पन्नास वॉटचं, इंग्लिश घाटाचं एक अँप. माझ्या मित्राचा मुलगा ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो. गणपतीत, हळदीला, यात्रेत, जिथली सुपारी मिळेल तिथे. हे अँप त्याने पुण्यातून सेकंडहँड उचललेलं. गेल्या गणपतीत एका मंडळापुढे वाजवता वाजवता ते गेलं.

"काका, आत निळं कायतरी चमकलं. मग फट्ट झालं आणि वास सुटला. लै घाण वास."

"कुणाला दाखवलंस का?"

दाखवलं होतं, मोठ्या शहरात, मोठ्या दुकानात. बोर्ड जळलाय, नवा मिळत नाही, भंगारात घाला, असं उत्तर मिळालं होतं. दुकानाचं नाव घेण्यात अर्थ नाही, आणि खरं सांगायचं तर त्यांच्या हिशेबाने ते चुकीचं बोलत नव्हते. बोर्ड बदलायचा तर अर्धा तास, तोच बोर्ड वाचवायचा तर दोन-तीन संध्याकाळी. एवढ्या संध्याकाळींचा पगार कुठलं दुकान देईल? माझी नोकरी बँकेतली, हे सगळं जेवण झाल्यावरचं. मला कुणाला हिशेब द्यायचा नाही, घरची माणसं सोडली तर.

अँप उघडलं तर आत गुलाल. यात नवल काही नाही. सांगलीत वाजणारी कुठलीही वस्तू उघडा, मिक्सर असो, स्पीकरचा खोका असो की बेंजोचा पिकअप, गुलाल निघतोच. मागच्या जाळीतून तो आत शिरतो, तेलकट धुळीवर बसतो आणि पावसाळ्यात ओल धरून ठेवतो. इथे तो व्हॉल्व्हच्या सॉकेटभोवती गुलाबी कड्यासारखा साचला होता. त्या कड्याच्या मधोमध, दोन पायांच्या दरम्यान, हरभऱ्याएवढा काळा डाग. डागाच्या मध्यभागी बोर्ड खचून खळगा पडला होता आणि एक पॅड, म्हणजे पाय जिथे सोल्डर होतो ती तांब्याची टिकली, वर उचललं गेलं होतं.

ईएल ३४ जातीच्या व्हॉल्व्हला आठ पाय असतात. तिसऱ्या पायावर प्लेट, म्हणजे सगळ्यात जास्त व्होल्टेज. त्याला खेटून दुसरा पाय, तो हीटरचा, ६.३ व्होल्टचा, जवळपास अर्थलाच बांधलेला. आठ पायांतले सगळ्यात हाडवैरी दोघे शेजारीशेजारी बसवलेत. व्हॉल्व्ह अँपमध्ये आगीची ठिणगी पडली तर बहुतेक वेळा याच दोघांत पडते. पण गुलाल कितीही असला तरी एकट्या गुलालाने हे होत नाही. मी पोराला विचारलं, स्पीकरची वायर कशी होती?

वायर ढिली होती. मध्येच आवाज जायचा, तो पिन हलवायचा, परत यायचा. त्याला त्यात धोका वाटला नव्हता, आणि त्याला दोष तरी काय देणार. मांडववाल्यांकडे, डीजेवाल्यांकडे सगळीकडे ट्रान्झिस्टरचे अँप. तिथे नियम असा, की स्पीकरची वायर सुटली तर काही बिघडत नाही, फक्त शॉर्ट होऊ द्यायची नाही. शॉर्ट झाली की आउटपुटचे ट्रान्झिस्टर गेलेच. व्हॉल्व्हच्या अँपात हा नियम बरोबर उलटा. तिथे मध्ये आउटपुट ट्रान्सफॉर्मर असतो. घडीभर शॉर्ट झालं तर तो सहसा निभावून नेतो. पण स्पीकर सुटला आणि वाजवणं चालूच राहिलं, तर ट्रान्सफॉर्मरमध्ये साठलेल्या ऊर्जेला जायला वाट उरत नाही. ती उलटी प्लेटकडे येते आणि तिथलं व्होल्टेज क्षणात काही हजारांवर जातं. मग ते सापडेल तिथून उडी मारतं. गुलालाच्या ओलसर कड्यावरून मारली.

ही एक ठिणगी. ती पडून गेली असती तर फ्यूज बदलून भागलं असतं. पण बोर्डाची पाटी काचेच्या धाग्यांचं कापड आणि इपॉक्सी यांची बनलेली असते. काच जळत नाही, इपॉक्सी जळतं, आणि जळून जे उरतं तो कार्बन. कार्बन वीज वाहून नेतो. म्हणजे जी जागा आजवर वीज अडवत होती तीच आता वाट झाली. पुढच्या वेळी हजारो व्होल्ट लागत नाहीत, नेहमीचे साडेचारशेसुद्धा पुरतात. त्यातून करंट गेला की आणखी जळतं, आणखी कार्बन, आणखी रुंद वाट. फ्यूज बदलून बघणाऱ्यांनी इथे तो बदलूनही पाहिला होता. सॉकेटच्या मागचा स्क्रीनचा, म्हणजे व्हॉल्व्हच्या आतल्या एका जाळीचा, पाच वॉटचा रेझिस्टन्स उभा चिरला होता, ती त्याचीच खूण.

मला हे काम माझ्या मामाने शिकवलं. त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान हरभट रोडच्या बाजूला होतं. शाळेच्या सुट्टीत मी तिथे बसायचो, म्हणजे आधी नुसतं झाडायचं, मग जुन्या चेसिसवरून सुटे भाग काढायचे, मग कधीतरी सोल्डरिंग आयर्न हातात. त्या व्हॉल्व्ह रेडिओंमध्ये पीसीबी, म्हणजे असा छापील बोर्ड, नसायचा. टॅगस्ट्रिपा, म्हणजे सांधे जोडायच्या पट्ट्या, सॉकेटचे पाय, आणि त्यांच्या मधून हवेतून गेलेले रेझिस्टन्स, कंडेन्सर. दिसायला कबुतराचं घरटं. पण कुठलाही भाग बदलायचा तर दोन सांधे सोडवा, नवा लावा. ठिणगी पडली तर हवेतून पडायची, आणि हवेची गंमत अशी की ती जळून कोळसा होत नाही. ठिणगी विझली की हवा पुन्हा होती तशी.

छापील सर्किटची कल्पना पॉल आइस्लर या ऑस्ट्रियन माणसाची. १९३६ च्या सुमारास लंडनमध्ये त्याने असा एक रेडिओ करून दाखवला होता. युद्धात अमेरिकनांनी ती तोफगोळा फोडणाऱ्या यंत्रणेत वापरली आणि मग ती घराघरात आली. उत्तम कल्पना आहे, तिच्याशिवाय आजचं काहीच चाललं नसतं. गिटारवाल्यांमध्ये एक पंथ आहे, त्यांच्या मते हाताने वायरिंग केलेलं अँप पीसीबीवाल्यापेक्षा गोड वाजतं. मला हे पटत नाही. करंटला काय कळतंय आपण तांब्याच्या तारेतून चाललोय की तांब्याच्या पत्र्यातून! पण पन्नास वॉटच्या अँपचा, हात लावला तर फोड येईल असा तापणारा व्हॉल्व्ह सरळ बोर्डावरच उभा करणं, ही मात्र निव्वळ काटकसर आहे. वर उष्णता, खाली इपॉक्सी, मध्ये साडेचारशे व्होल्ट. पंधरा-वीस वर्षांनी काय होणार हे बोर्ड आखणाऱ्यालाही माहीत असतं. त्याचं काम वॉरंटीपुरतं.

आता दुरुस्ती. पहिली गोष्ट भिंतीतली पिन काढणं आणि दुसरी गोष्ट पिन काढल्यावर विश्वास न ठेवणं. फिल्टरचे कंडेन्सर भरलेले राहतात, कधी कधी बराच वेळ. मामाकडे त्यासाठी एक जुनी काडी होती, तिला पाच वॉटचा रेझिस्टन्स आणि मगरचिमटा बांधलेला. चिमटा चेसिसला, टोक कंडेन्सरला, थोडा वेळ तसंच धरायचं, मग मीटर लावून बघायचं, मग परत एकदा बघायचं. काही जण सरळ स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करतात. आवाज छान होतो, पण त्याने कंडेन्सरचंही भलं होत नाही आणि स्क्रूड्रायव्हरचंही. शिवाय जिवंत चेसिसमध्ये मोजायचं तेव्हा डावा हात खिशात. हा नियम व्हॉल्व्हच्या काळातल्या प्रत्येक मेकॅनिकला माहीत होता, कारण एका हातातून दुसऱ्या हातात जाणारा करंट वाटेत छातीतून जातो.

बोर्ड बाहेर काढायचा म्हणजे पुढचे सगळे नॉब, नट, मागचे जॅक सोडवणं. यात खरं कौशल्य काही नाही, चिकाटी लागते. पूर्वी मामा कागदावर चित्र काढून ठेवायचा, आता मोबाइलवर फोटो. पोरगा फोटो काढत होता आणि दर फोटोनंतर "हे लागंल का परत?" म्हणून विचारत होता.

जळका सॉकेट काढताना घाई केली की बोर्डाचं नुकसान नव्याने होतं. आठ पाय एकदम सोडवायला गेलं तर बोर्ड फार वेळ तापतो आणि तांबं पाटीवरून सुटतं. ते तांबं असतं किती? साधारण ३५ मायक्रॉन जाड, केसापेक्षाही पातळ. पाटीला ते चिकटवलेलं असतं, आणि तापवलं की ती पकड सुटते. म्हणून सॉकेटचे पाय आधी कटरने छाटायचे, सॉकेटचं धड वेगळं करायचं, आणि मग एकेक पाय सुटा तापवून चिमट्याने ओढायचा. भोकातलं उरलेलं सोल्डर सकरने. नव्या बोर्डांवर बहुधा शिशाविनाचं सोल्डर असतं, ते २१७ अंशांच्या पुढेमागे वितळतं आणि हट्टी असतं. त्यावर आपलं जुनं शिशाचं, ६३-३७ जातीचं थोडं लावलं की सगळं मिळून नरम येतं, कारण ते १८३ अंशांनाच पाणी होतं. राळेचा वास सुटला की मला अजून मामाचं दुकान आठवतं, पण ते असो.

सॉकेट निघाल्यावर डाग नीट दिसला. वरून काळा, कडेला तपकिरी, आणि तपकिरी रंग हिरव्यात कुठे मिसळतो ते सांगता येत नव्हतं. दोन पॅडमध्ये जेमतेम तीन-चार मिलिमीटर अंतर. ट्रान्सफॉर्मरच्या आणि हीटरच्या वायरी सोडवून मी मल्टिमीटर लावला. ओपन. पोराचा चेहरा उजळला.

"म्हणजे बोर्ड चांगलाय की, काका."

इथेच फसगत होते. मल्टिमीटरच्या आत नऊ व्होल्टची बॅटरी. तो फार तर नऊ व्होल्टचं बोलतो, आणि तेवढ्याला ती जागा खरोखरच वीज अडवत होती. पण अँप चालू असताना प्लेटवरचं व्होल्टेज सिग्नलबरोबर वरखाली होत सप्लायच्या दुपटीपर्यंत चढतं, म्हणजे नऊशेच्या आसपास. त्या जागेला नऊशेला काय वाटतं हे विचारायचं तर मेगर लागतो, म्हणजे जास्त व्होल्टेज लावून ती जागा किती अडवते ते दाखवणारं मीटर. सुई वर तेवढं चांगलं. तो माझ्याकडे नाही. कुपवाडच्या एमआयडीसीत ओळखीचे एक मोटर वाइंडिंगवाले आहेत. विहिरीवरच्या मोटारी, पाणबुडी पंप, दिवसभर तेच काम. त्यांच्याकडे हाताने फिरवायचा जुना, हजार व्होल्टचा मेगर आहे. त्यांनी दिला, पण आधी विचारलं, "एवढ्याशा पाटीला मेगर? कशाला हो?"

दोन पॅडला दोन वायरी लावल्या आणि मी हँडल फिरवलं. सुई क्षणभर वर जाते आहे असं वाटलं, आणि मग खाली आली, शून्याच्या जवळ. काळ्या डागात कुठेतरी एक बारीक लाल ठिपका पेटल्यासारखा दिसला. पोरगा काही बोलला नाही. मल्टिमीटर मात्र अजूनही ओपनच दाखवत होता.

म्हणजे काळं होतं तेवढं सगळं काढायला हवं. यात अर्धवट काही चालत नाही. वरचा कोळसा खरवडून, अल्कोहोलने पुसून, वर वार्निश मारलेले बोर्ड मी बघितले आहेत. दिसतात छान. आतला कार्बन तसाच असतो आणि आता त्याच्यावर झाकण असतं. कोरायला मी दातांच्या डॉक्टरांचे जुने बर, म्हणजे दात कोरायची टोकं, वापरतो. आमच्या ओळखीतले एक दंतवैद्य टाकून द्यायचे ते माझ्यासाठी बाजूला ठेवतात. दाताला जे बोथट झालं ते बोर्डाला अजून तीक्ष्ण असतं. लहान हँडड्रिलला लावायचं आणि तोंडाला मास्क बांधून, काचेची धूळ उडते म्हणून, हळूहळू कोरत जायचं. आधी काळी भुकटी येते, मग तपकिरी, आणि वास, तोच तो. मग कधीतरी भुकटी पांढरट येऊ लागते आणि काचेच्या धाग्यांची वीण दिसते, जणू कुणी कापड फाडून कड उसवली आहे. तिथे थांबायचं, असं वाटतं.

आयपीएने, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलने, धुतलं, वाळवलं, मेगर लावला. सुई वर गेली, खूप वर, आणि हँडल फिरत असताना हळूहळू उतरायला लागली. खाली नाही आली, पण उतरली. कुठेतरी आत, धाग्यांच्या मधून, डोळ्यांना न दिसणारा कार्बन शिल्लक होता. परत बर. एका बाजूला तपकिरी रंगाची एक रेष थरांच्या मधून पुढे गेली होती, वरून बिलकुल दिसत नव्हती, कडेने भिंग लावल्यावर दिसली. ती संपेपर्यंत कोरलं. आता दोन पॅडच्या मध्ये डाग नव्हताच, आरपार भोक होतं, पलीकडचं टेबल दिसत होतं. मेगरची सुई वरच्या टोकाला गेली आणि हँडल किती फिरवलं तरी तिथून हलली नाही.

हे सगळं मला २०१९ च्या पुराने पक्कं शिकवलं. त्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, तिथे धोक्याची पातळी ४५ फूट धरतात. मारुती चौक, हरभट रोड, खणभाग, गावभाग, सगळं पाण्यात. पाणी उतरल्यावर लोकांनी टीव्ही, अँप, मिक्सर गच्चीवर उन्हात मांडले आणि कोरडे झाले म्हणून लावले. काही चालले. चाललेले महिन्या-दोन महिन्यांनी एकेक करून माझ्याकडे येऊ लागले. तक्रार एकच, सकाळी चालतो, पाऊस आला की खरखरतो किंवा फ्यूज मारतो. पाण्याने काही बिघडलं नव्हतं. पाणी गेल्यावर जे मागे राहिलं त्याने बिघडलं होतं. कृष्णेचा गाळ, गटाराचं मीठ, दुकानांतल्या खताचं काय काय. वाळल्यावर त्याचा पातळ थर दोन ट्रॅकच्या मध्ये बसतो, कोरडा असताना गप्प, हवेत ओल आली की जागा. तेव्हा मामा थकलेला होता, पण खुर्चीवर बसून सांगायचा, आधी पाण्याने धू. लोकांना ते वेड्यासारखं वाटायचं. पुरातून वाचलेल्या अँपला परत आंघोळ! पण तेच बरोबर होतं. आधी नळाच्या पाण्याने ब्रश मारून गाळ काढायचा, मग बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड पाण्याने खळाळून काढायचं, मग आयपीए, मग पंख्याखाली कितीतरी वेळ. ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकर मात्र आधीच उतरवून वेगळे, कागदाचा कोन भिजला की तो गेलाच. त्या हंगामात मी तांबं फारसं जोडलंच नाही. सगळा वेळ दोन रेघांच्या मधली जागा घासण्यात गेला.

आता प्रश्न भोकाचा. रीत अशी की उच्च तापमानाचं इपॉक्सी भरायचं, घासून सपाट करायचं, तांब्याची पट्टी चिकटवून नवं पॅड करायचं, आणि मग नवा सॉकेट पूर्वीच्याच जागी. नीट केलं तर ओळखू येत नाही. हे करणारे कारागीर मी बघितले आहेत आणि त्यांच्या हाताला मी नमस्कार करतो. पण इथे मला ते करायचं नव्हतं. जागा तीच, व्हॉल्व्हची उष्णता तीच, हाडवैरी पाय तेच, आणि मध्ये पुन्हा जळू शकणारी वस्तू मीच माझ्या हाताने का भरायची? साधं अरल्डाइट तर त्या उष्णतेत मऊच पडेल. त्यापेक्षा भोक राहू दे. बोर्ड आखणारेसुद्धा जास्त व्होल्टेजच्या दोन रेघांमध्ये मुद्दाम खाच पाडतात, ती यासाठीच. पृष्ठभाग तोडला की धुळीला, ओलीला, गुलालाला पूल बांधायला जमीन मिळत नाही. कोरड्या हवेला फोडायला मिलिमीटरला साधारण तीन हजार व्होल्ट लागतात, आणि फुटलीच तरी तिचा कोळसा होत नाही.

सॉकेट मी बोर्डावर परत बसवलाच नाही. सिरॅमिकचे दोन सॉकेट चेसिसच्या पत्र्याला स्क्रूने आवळले, म्हणजे उष्णता पत्र्यात जाईल आणि व्हॉल्व्हचं वजनही तोच घेईल. तिथून बोर्डाकडे सुट्या वायरी, टेफ्लॉनच्या, सहाशे व्होल्ट पेलणाऱ्या. प्लेटची वायर तर बोर्डाकडे नेलीच नाही, ट्रान्सफॉर्मरपासून थेट सॉकेटच्या तिसऱ्या पायाला. बोर्डावरून सगळ्यात जास्त व्होल्टेजच हद्दपार झालं. स्क्रीनचे रेझिस्टन्स नवे, सॉकेटच्या पायावरच. एका अर्थाने पीसीबीचा तेवढा भाग मी मामाच्या काळात नेऊन सोडला.

कुणी म्हणेल, हे मूळ अँप राहिलं का? मला या प्रश्नात रस नाही, पण मिरजेत गेलं की तो वेगळाच वाटायला लागतो. सतारमेकर गल्लीतल्या घराण्यांचे मूळ पुरुष शिकलगार, हत्यारं दुरुस्त करणारे, धार लावणारे. हत्यारांचे दिवस सरले तेव्हा एकोणिसाव्या शतकात ते तंतुवाद्यांच्या दुरुस्तीकडे वळले, आणि दुरुस्त करता करता वाद्यं करायला लागले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय मानांकन मिळालं. तिकडे अमेरिकेतही तेच. लिओ फेंडर १९३८ पासून फुलर्टनमध्ये रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवत होता, स्वतः गिटार वाजवायला कधी शिकला नाही. लंडनच्या जिम मार्शलने १९६२ मध्ये पहिलं अँप आणलं ते फेंडरच्या बासमनवर बेतलेलं, आणि त्यात त्याच्या दुकानातल्या दुरुस्ती करणाऱ्या केन ब्रॅनचा मोठा हात होता. पोराच्या अँपचं खानदान म्हणजे दुरुस्तीवाल्यांचंच. मी दोन सॉकेट पत्र्यावर नेले तर त्यात कुळाला बट्टा लागावा असं काही नाही.

मिरजेच्या एका कारागिराला मी एकदा जवारी काढताना, म्हणजे तारेखालची घोडी घासून नाद जमवताना, बघितलं होतं. घोडीवर कानस फिरवायची, तार लावायची, छेडायची, परत उतरवायची. त्याचं सगळं लक्ष तार आणि घोडी जिथे जेमतेम स्पर्श करतात तिथल्या केसभर उतारावर. तारेत त्याने काही बदल केला नाही. मेगरची सुई उतरत होती तेव्हा मला तो माणूस आठवला, एवढंच.

चालू करताना सिरीज बोर्ड. जुन्या प्रत्येक मेकॅनिकच्या टेबलावर हा असतोच, शंभर वॉटचा पिवळा बल्ब आणि त्याच्यामागे दुरुस्तीची वस्तू. आत शॉर्ट असेल तर बल्ब भगभगून पेटतो आणि वस्तू वाचते. नसेल तर कंडेन्सर भरताना क्षणभर उजळतो आणि मंद होतो. आधी व्हॉल्व्ह न लावता. बल्ब उजळला, मावळला. बायसचं, म्हणजे व्हॉल्व्हला आवरून धरणारं, उणे व्होल्टेज दोन्ही सॉकेटच्या पाचव्या पायावर येतं का ते बघितलं, कारण ते नसताना व्हॉल्व्ह लावला तर त्याची प्लेट लाल होते आणि काही मिनिटांत तो कामातून जातो. मग व्हॉल्व्ह, मग स्पीकर, स्पीकर आधी, पोराला तीनदा दाखवून. सिरीज बोर्ड काढून बायस लावला, प्रत्येकी ३५ मिलीअँपियर. साडेचारशे व्होल्टला हे सोळा वॉटच्या आत बसतं, आणि ईएल ३४ ची प्लेट पंचवीस पेलते. थोडं गार चालतं, पण मंडळाच्या स्टेजवर सात-सात तास चालायचं आहे त्याला.

स्पीकरचा जॅक बदलला आणि त्याच्या आडवा एक मोठा रेझिस्टन्स टाकला. वायर पुन्हा सुटली तर ट्रान्सफॉर्मरला टेकायला काहीतरी राहील. तो पूर्ण संरक्षण नाही, हे पोराला सांगितलं. मागच्या जाळीला आतून बारीक कापड लावून दिलं, गुलालासाठी. हवा थोडी कमी जाईल, तेवढं चालेल.

त्याने गिटार लावली आणि आमच्या खोलीत मावणार नाही एवढ्या आवाजात काहीतरी वाजवलं. वरून बायकोने पाय आपटला. त्याने आवाज कमी केला, मग अँप पालथं घालून चेसिसमध्ये टॉर्च मारली. नव्या वायरी त्याला आवडल्या. बोर्डाचं भोक नाही आवडलं.

"काका, हे बुजवून घेऊया की. वर हिरवा रंग मारला तर कळणार पण नाही."

"कळू दे की. काय बिघडलं?"

"उद्या विकायला काढलं तर? गिऱ्हाईक विचारणार, हे भोक कसलं म्हणून."

"त्याला म्हणावं, मेगर घेऊन ये आणि बघ. कुपवाडला मिळतो."